जीपचं ऑइल: आमच्या एमएम 540 च्या नोंदी

5 मे 2024, मीटर 64,210

काल पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाऊन आलो. येताना घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलो. इंजिन बंद करणार तोच लक्ष गेलं, ऑइल प्रेशरचा लाल दिवा मिणमिणत होता. ॲक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवला की विझायचा, काढला की परत लुकलुकायचा. घरी येईपर्यंत जीव टांगणीला.

गाडी 1993 ची, एमएच-11 पासिंगची, तात्यांनी घेतलेली. पंचवीस वर्षं त्यांनी हिच्यातून वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा केलं. मागच्या हौद्यात कॅन, पावसाळ्यात चिखल, फोर व्हीलचा दांडा ओढायचा आणि निघायचं. इंजिन एक्सडीपी 4.90. मूळ आराखडा फ्रान्सच्या प्यूजोचा, पण महिंद्राने इगतपुरीला बनवलेलं. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून 4.90. स्ट्रोक 83 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी. मीटर कधीच एक फेरा मारून परत शून्यावर आलेला आहे, त्यामुळे 64 हजाराला फारसा अर्थ नाही.

संध्याकाळपर्यंत सल्ले जमा झाले. मिस्त्री म्हणाले, "दादा, जाड ऑइल टाका, 20-50. दिवा इझंल बघा." गॅरेजवर बसलेल्या एकाने वरून एक बाटली जाडसर लिक्विड टाकायला सांगितलं. तिसरा थेट म्हणाला, बेअरिंग गेली, इंजिन खोला. दिवा विझवायचे तीन उपाय मिळाले. तो का लागतोय हे मात्र कुणीच विचारलं नाही, म्हणून ही वही सुरू करतोय.

8 मे

दिव्यावर भरवसा ठेवून काही ठरवायचं नाही. दिव्याच्या स्विचला प्रेशर पुरेसं आहे की नाही एवढंच कळतं, किती ते कळत नाही. स्विच म्हातारा झाला की उगाचही लागतो. म्हणून स्विच काढून त्या जागी नळीचं साधं प्रेशर गेज लावलं. काटा खरा आकडा दाखवतो.

थंड इंजिन, सकाळी, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता): दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो. बरं वाटलं. मग अर्धा तास कराड रस्त्याला फिरवून आणली. गरम, आयडलला: 0.4 किलो. मध्यम वेगात 1.5.

म्हणजे स्विच खरं सांगत होता. थंडपणी प्रेशर ठीक आणि गरम झाल्यावर एवढं खाली, याची मला दोन कारणं दिसतात. एक तर बेअरिंगमधली फट वाढलीय, नाहीतर ऑइलच पातळ झालंय. पहिल्याचा खर्च मोठा. दुसरं तपासायला काहीच खर्च नाही, तेव्हा आधी तेच.

12 मे

गाडी अंगणात सपाट जागेवर लावली. आमच्या दारातला उतार दिसत नाही, पण पट्टीवर तो चांगला बोटभर फरक पाडतो, हे आज पाण्याची पातळी लावून बघितलं तेव्हा कळलं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो, पट्टी पुसली, पुन्हा घातली, काढली.

ऑइल वरच्या खुणेच्याही वर.

तात्यांना हाक मारली. ते अभिमानाने म्हणाले, "ही गाडी ऑइल खातच नाही. वर्षभर थेंब टाकावा लागत नाही." त्यांच्या वहीत शेवटचं ऑइल बदलल्याची नोंद आहे 62,910 ला. म्हणजे 1,300 किलोमीटर झाले आणि वरून काहीच टाकलेलं नाही.

इथे मी थबकलो. सकाळी चालू करताना ही गाडी निळसर धूर सोडते, रोज. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जे जळतंय ते कमी व्हायला हवं. कमी होत नाही, उलट वाढलंय, म्हणजे दुसरं काहीतरी आत येतंय. आत येण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, पाणी किंवा डिझेल.

पट्टीवरचे दोन थेंब चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकले. (जुना तवा. आईने आधी बजावून घेतलं.) पाणी असतं तर तडतडलं असतं. तडतड नाही. मग एक थेंब गाळणीच्या पांढऱ्या कागदावर टाकून रात्रभर ठेवला. सकाळी मधे काजळीचा काळा गोल आणि त्याच्या बाहेर तेलकट, फिकट पिवळं रुंद कडं. काजळी मागे राहते, पातळ डिझेल कागदातून पुढे पळतं, त्याचं ते कडं. शेजारी ताज्या ऑइलचा थेंब ठेवला होता, त्याला असं कडं नाही. आणि वासाने तर शंकाच उरली नाही. पट्टी नाकाजवळ नेली तर सरळ डिझेल पंपावर उभं राहिल्यासारखं.

गाडी उभी केली. पातळी अशी वाढत असताना डिझेल गाडी चालवणं धोक्याचं आहे. ऑइल फार वर चढलं की क्रँक त्यात आपटून फेस करतो, ते इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदर) हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं. मग स्टॉपर ओढूनही थांबत नाही, कारण स्टॉपर पंपाचं डिझेल तोडतो आणि इंजिन ते पीतच नसतं.

19 मे

मिस्त्री घरी आले. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट सोडला तेव्हा ऑइल पाण्यासारखं धो धो आलं. त्यांनीच बोटांत चोळून बघितलं आणि गप्प झाले. 20-50 चा विषय त्यांनी परत काढला नाही.

डिझेल आत येण्याच्या वाटा मोजल्या: गळका इंजेक्टर, इंजेक्शन पंपाचं पुढचं सील, फीड पंपाचा पडदा. फीड पंप सगळ्यात स्वस्त आणि काढायला सोपा, दोन बोल्ट. हा पंप टाकीतलं डिझेल ओढतो, त्याच्या एका बाजूला डिझेल आणि दुसऱ्या बाजूला थेट इंजिनचं पोट, मधे फक्त रबरी पडदा. खोलला तर पडद्याला कडेने नखाएवढी चीर. पावशेर वजनाचा तुकडा आणि त्यापायी आम्ही इंजिन खोलायला निघालो होतो.

पंप नवीन टाकला. पडद्याचा किट मिळत होता, पण पंपाच्या दांड्याची पिनही झिजलेली होती, म्हणून अख्खा बदलला.

जुना फिल्टर पत्र्याच्या कात्रीने कापून उघडला. कागदाच्या घड्या पसरून उन्हात बघितल्या. काजळीचा गाळ भरपूर, पण चमकणारे तांबूस किंवा रुपेरी कण नाहीत. पाचशेच्या नोटेवरची तार चमकते तसं काही दिसलं असतं तर बेअरिंगकडे बघावं लागलं असतं. तूर्त सुटलो.

20 मे

ऑइल कोणतं टाकायचं यावर आज पूर्ण दिवस घालवला. जे ठरलं ते कारणांसकट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून डोकं लावायला नको.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: जाडी आणि एपीआयचा (अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेचा) दर्जा. ब्रँड त्यानंतर.

जाडीचा पहिला आकडा, डब्ल्यू लावलेला, थंडीतल्या वागण्याचा आहे. 15डब्ल्यूची परीक्षा उणे 20 अंशाला होते, 20डब्ल्यूची उणे 15 ला. पाटणला डिसेंबरात शेकोटी लागते, पण शून्य कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे सुरू होण्यासाठी दोन्ही चालतील. तरी सकाळी पहिल्या काही सेकंदांत जे ऑइल लवकर वर पोचेल ते बरं, म्हणून 15. दुसरा आकडा 100 अंशाला ऑइल किती दाट राहतं त्याचा. 40 म्हणजे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), 50 म्हणजे 16.3 ते 21.9. मिस्त्री 50 म्हणत होते ते अगदी चुकीचं नाही. खरोखर झिजलेल्या इंजिनाला, मोजून खात्री केल्यावर, उन्हाळ्यात 50 देण्यात गैर काही नाही. पण परवा आम्ही ते टाकलं असतं तर दिवा विझला असता, पडदा तसाच फाटका राहिला असता, आणि दोनेक हजार किलोमीटरने 50 चंही पाणी झालं असतं. तोवर बेअरिंगनी काय सोसलं असतं ते कुणाला कळलंही नसतं.

मग दर्जा. डब्यावरच्या गोल शिक्क्यात एस ने सुरू होणारा दर्जा पेट्रोलचा, सी ने सुरू होणारा डिझेलचा. ही गाडी आली त्या काळात सीडी, सीएफ-4 अशी ऑइलं होती. पुढे 1998 ला सीएच-4 आलं, 2002 ला सीआय-4, 2016 च्या शेवटी सीके-4. आपल्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जळता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं. काजळी होते, आणि ती ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे ऑइलचं मोठं काम. या बाबतीत सीआय-4 प्लस जुन्या सगळ्यांपेक्षा सरस. सीके-4 वाईट नाही, पण ते धुरांड्यात फिल्टर असलेल्या नव्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून कमी राखेचं केलेलं आहे. आपल्या धुरांड्यात पोकळ पाइपाशिवाय काही नाही. त्या गुणासाठी जादा पैसे कशाला?

गंधकाचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तात्या दर तीन हजाराला ऑइल बदलायचे, काटेकोर. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. जळल्यावर त्याचं आम्ल होतं आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षार घातलेले असतात, डब्याच्या तक्त्यात टीबीएन लिहिलेलं असतं ते हेच. क्षार संपले की ऑइल दिसायला कसंही असो, आतून धातू खायला लागतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आहे, गंधक दहा लाखांत दहा भाग. हजारपटीने कमी! त्यामुळे क्षार आता खूप जास्त टिकतात. तरी काजळी आणि डिझेलची भेसळ हे दोन शत्रू आहेतच, म्हणून मी दहा-पंधरा हजारांच्या गप्पा मारणार नाही. 5,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

सिंथेटिक? नाही. तीस वर्षांचा गाळ आणि कडक झालेली सीलं असलेल्या इंजिनात, एवढ्या कमी अंतराने बदलायचं असताना, साधं मिनरल 15डब्ल्यू-40 पुरे. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, सगळ्यांचं या जाडीचं ऑइल मिळतं. डबा पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून घ्यायचा, सील आणि बॅच नंबर बघून. दुकानात ट्रॅक्टरचं म्हणून एक ऑइल पुढे केलं, ते गिअर, हायड्रॉलिक आणि ओल्या ब्रेकचं निघालं. इंजिनात ते घालायचं नाही.

26 मे

भरलं. चेंबरच्या बोल्टाला नवीन तांब्याचा वायसर. मागे कुणीतरी दांडा लावून आवळल्यामुळे आटे दुखावलेत, म्हणून हाताने बसवून मग पान्याने बेताने. फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर अर्धा भरून बसवला.

पाच लिटरच्या कॅनमधून तळाशी थोडं उरलं. शेवटचा दीड लिटर पाव-पाव लिटरने ओतला आणि दर वेळी थांबून पट्टी बघितली. आता माहीत झालं की खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत आपल्या पट्टीवर एक लिटर बसतो. हे एकदा करून ठेवलं की पुढे पट्टी बघून नेमके मिलिलिटर सांगता येतात.

स्टॉपर ओढून धरला, स्टार्टर मारला, गेजचा काटा हलेपर्यंत. मग चालू केली. कराड रस्त्याला तोच अर्धा तास. गरम, आयडलला 1.1 किलो. मध्यम वेगात 3.

मिस्त्रींना फोन करून आकडे सांगितले. "मग बेअरिंग शाबूत हाय," म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद माझ्याइतकाच होता.

काढलेलं जळकं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय. शेजारचे अप्पा वाळवीसाठी गोठ्याच्या वाशांना मागत होते. सगळीकडे लावतात, मला माहीत आहे, तरी नाही म्हटलं. गोठ्याचं पाणी ओढ्याला जातं, ओढा कोयनेला. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. मिस्त्रींच्या पिंपात जाईल, तिथून गाडी येऊन नेते. अप्पांना वाळवीचं औषध आणून दिलं.

16 जून, मीटर 64,800

सहाशे किलोमीटरलाच ऑइल आणि फिल्टर परत बदलला. उधळपट्टी नाही. जुन्या डिझेलमिश्रित ऑइलचा अंश कोपऱ्यांत, नळ्यांत राहिलेला असतो, शिवाय नवं ऑइल जुना गाळ सोडवत असतं. त्यासाठी फ्लशिंगचं औषध किंवा डिझेल घालून इंजिन चालवणं मला पटत नाही. सुटलेला मोठा गाळ ऑइल पंपाच्या सक्शनच्या जाळीत अडकला तर प्रेशरच जातं. हळूहळू, ऑइलनेच धुवावं.

ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं झालं होतं. घरी विचारलं, इतक्या लवकर खराब? डिझेलचं ऑइल काळं होतंच, काजळी धरून ठेवतंय म्हणून काळं. रंगावरून निकाल लावायचा नाही.

आणि मुख्य गोष्ट: पट्टी या सहाशे किलोमीटरमध्ये खाली आली! साधारण साडेतीनशे मिलिलिटर. मी खूश, तात्या नाराज. "आता खायला लागली," म्हणाले. खात आधीपासूनच होती, तात्या. आता दिसायला लागली.

28 जुलै, मीटर 65,150

पंधरा दिवस सूर्य नाही. कोयनानगरकडचा रस्ता ढगातच आहे. गाडी फक्त घर ते बाजार, दोन किलोमीटर.

ऑइल ओतायचं झाकण उघडलं तर खाली पांढरी साय. पोटात गोळा आला. हेड पॅकिंग गेलं की असंच दिसतं. रेडिएटर बघितला, पाणी काठोकाठ, तेलाचा तवंग नाही, इंजिन चालू असताना बुडबुडे नाहीत. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ काळं, तव्यावर गप्प. म्हणजे साय फक्त झाकणाला. दमट हवा, गार झाकण आणि इंजिन पुरतं तापायच्या आत बंद, यातून साठलेलं हे पाणी. साय पुसून काढली आणि गाडी तास-दीड तास नीट तापवून आणली. परत आलो तेव्हा झाकण कोरडं.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी असं लांब न्यायचं. नुसती अंगणात चालू करून ठेवण्याने हे होत नाही.

15 सप्टेंबर

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मागच्या कोपऱ्यातून झिरपत होतं. चेंबरचा बोल्ट कोरडा. क्रँकच्या मागच्या सीलकडून रात्रभरात एक थेंब पडतो, त्याला आत्ता हात लावणार नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागेल तेव्हा.

ओढा ओलांडून शेतावर गेलो होतो, पाणी हबच्या वर होतं. म्हणून आज पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचे बोल्टही उघडले. पुढचं 90 नंबर गिअर ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं, म्हणजे पाणी शिरलेलं! श्वासाची टोपी मातीने गच्च होती. गरम हौसिंग पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, टोपी बंद असली की सीलातून पाणी ओढून घेते. टोपी साफ केली, ऑइल बदललं.

12 ऑक्टोबर, दसरा, मीटर 66,000

हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मग सगळे मिळून कुंभार्ली. चढून वर त्याच टपरीपाशी थांबलो, आयडलला सोडली, बॉनेट तापलेलं. गेज: 1.0. दिवा नाही. तात्या स्वतः वाकून काटा बघून आले.

शेवटच्या बदलानंतर 1,200 किलोमीटर. चढाला लागण्यापूर्वी पट्टी नेहमी वरच्या खुणेला आणून ठेवतो, गाडी तिरकी झाली की सक्शन उघडं पडायला नको. त्या हिशेबाने आतापर्यंत 700 मिलिलिटर टाकलं, म्हणजे हजाराला साधारण 580. सकाळचा पहिला निळा धूर तसाच आहे, चालू झाल्यावर जातो. व्हॉल्व्हचे गाईड आणि सील झिजलेत. चढावर लोड घेताना निळा धूर नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचं अजून ठीक.

आता मे महिन्याचा हिशेब जुळतो. 1,300 किलोमीटरमध्ये हिने साडेसातशे मिलिलिटर खाल्लं असणार. तरी पट्टी पाव लिटर वरच. म्हणजे जवळपास लिटरभर डिझेल आत आलं होतं. पाच लिटरच्या पोटात एक लिटर.

तात्यांना हे वहीवर मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि आपल्या जुन्या वहीत 62,910 च्या नोंदीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "फीड पंप."

12 जानेवारी 2025, मीटर 67,350

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे घट्ट होते. सकाळचा धूर किंचित कमी वाटतो, पण टॅपेटमुळे की हवा बदलल्यामुळे, ते महिनाभर बघून ठरवेन.

कागदावरचा थेंब: मधे काळा गोल, बाहेर कडं नाही. पट्टीला डिझेलचा वास नाही. गरम आयडल 1.1. डिसेंबरपासून 500 मिलिलिटर टाकलं. पुढचा ऑइल बदल 69,800 ला किंवा जूनमध्ये. फिल्टर आणि तांब्याचे दोन वायसर आजच आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत.